खंडित अधिवासातील जीवसंख्येचे गणिती मॉडेल कसे बांधावे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

एखादे सलग जंगल, कुरण किंवा पाणथळ क्षेत्र रस्ते, शेते, कालवे आणि इमारती यांमुळे तुकड्यांत विभागले गेले, की तेथील जीवांची संख्या केवळ घटलेल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात घटून थांबत नाही. प्रत्येक तुकड्यात एक लहान जीवसंख्या उरते. तिच्यात जन्म-मृत्यू चालू राहतात, एखाद्या वाईट वर्षी ती पूर्णपणे संपते, आणि काही वर्षांनी शेजारच्या तुकड्यातून आलेल्या चार-दोन जीवांपासून ती पुन्हा उभी राहू शकते. या संपण्याचा आणि पुन्हा वसण्याचा हिशेब मांडणे म्हणजेच खंडित अधिवासाचे गणिती मॉडेल बांधणे होय. ज्याला विकलनाची तोंडओळख आहे, संभाव्यतेचे मूलभूत नियम ठाऊक आहेत आणि स्प्रेडशीट वापरता येते, त्याला हा हिशेब पहिल्यापासून कसा मांडायचा ते या लेखात क्रमाने सांगितले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठामपणे सांगितली पाहिजे, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. खंडित अधिवासात आज रिकामा असलेला पण राहण्याजोगा तुकडा हा हिशेबातला पूर्ण भागीदार असतो. पाहणीत तो नोंदला गेला नाही, तर समीकरणातील आकडे चुकतात. आणि निर्णय घेताना तो निरुपयोगी मानला गेला, तर वसलेले तुकडेही हातचे जातात.

पायरी १: प्रश्न नेमका करणे आणि तुकड्यांची यादी करणे

«या प्रजातीचे पुढे काय होईल?» या प्रश्नाला कोणतेही मॉडेल उत्तर देऊ शकत नाही. «नकाशावरील ५० तुकड्यांपैकी हा एक तुकडा नष्ट झाला, तर पुढील ५० वर्षांत ही प्रजाती या संपूर्ण जाळ्यातून नाहीशी होण्याची संभाव्यता किती वाढेल?» या प्रश्नाला मात्र उत्तर देता येते, कारण त्यात प्रजाती, प्रदेश, कालावधी आणि घ्यावयाचा निर्णय हे चारही स्पष्ट आहेत. मॉडेल किती गुंतागुंतीचे असावे हे या प्रश्नावरूनच ठरते, त्यामुळे तो कागदावर एका वाक्यात लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

यानंतर तुकडा कशाला म्हणायचे ते ठरवावे. ही व्याख्या नकाशावर अवलंबून नसते, ती त्या जीवावर अवलंबून असते. ज्या झाडांच्या बेटांमध्ये एखादा पक्षी एका दिवसात सहज ये-जा करतो, ती सगळी बेटे त्याच्यासाठी एकच अधिवास असतात. त्याच बेटांपैकी प्रत्येक बेट एखाद्या गोगलगायीसाठी मात्र स्वतंत्र जग असते. एखाद्या जीवाला आयुष्यात एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जाणे क्वचितच घडत असेल, पण अगदी अशक्य नसेल, तरच पुढे दिलेली तुकड्यांची मॉडेल्स त्याला लागू पडतात.

यादीत प्रत्येक तुकड्याचा क्रमांक, क्षेत्रफळ, अक्षांश-रेखांश आणि सद्यस्थिती या चार गोष्टी तरी असाव्यात. तुकडा यादीत घेण्याचा निकष प्रजातीच्या उपस्थितीवर कधीही ठरवू नये. तो अधिवासाच्या गुणांवर ठरवावा, उदाहरणार्थ अळीची खाद्यवनस्पती तेथे आहे की नाही. याचा उत्तम नमुना फिनलंडच्या ऑलंड बेटांवर पाहायला मिळतो. तेथे इल्का हान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी या फुलपाखराचा अभ्यास करताना प्लांटॅगो लॅन्सिओलाटा किंवा व्हेरोनिका स्पिकाटा ही खाद्यवनस्पती असलेली सुमारे ४,००० कोरडी कुरणे नकाशावर आणली. १९९३ पासून दर शरद ऋतूत या कुरणांत अळ्यांची रेशमी घरटी शोधली जात आहेत. कोणत्याही एका वर्षी यांतील बहुतेक कुरणे रिकामीच आढळतात, तरीही ती दरवर्षी तपासली जातात, आणि त्या चिकाटीमुळेच या क्षेत्रातील सर्वांत भक्कम माहितीसंच उभा राहिला आहे.

पायरी २: «रिकामा» आणि «न दिसलेला» यांतील फरक सांभाळणे

नवशिक्याचे मॉडेल बहुधा समीकरणात बिघडत नाही, ते या पायरीवर बिघडते. समजा, प्रजाती तुकड्यात असताना एका भेटीत ती दिसण्याची संभाव्यता ०.६ आहे. मग वर्षातून एकच भेट दिली, तर वसलेल्या तुकड्यांपैकी ४० टक्के तुकडे रिकामे म्हणून नोंदले जातील. पुढचा परिणाम अधिक गंभीर आहे. यंदा ज्या तुकड्यांत प्रजाती दिसली, त्यांपैकी एकही तुकडा प्रत्यक्षात रिता झाला नसला, तरी पुढच्या वर्षी त्यांतील सरासरी ४० टक्के तुकडे «नामशेष» झालेले दिसतील, आणि त्यानंतरच्या वर्षी त्यांतीलच काही «पुन्हा वसलेले» दिसतील. अशा नोंदींतून काढलेले दोन्ही दर फुगलेले असतात, आणि स्थिर असलेले जाळे भलतेच चंचल भासते.

यावर उपाय साधा आहे. एकाच हंगामात प्रत्येक तुकड्याला एकाहून अधिक भेटी द्याव्यात आणि प्रत्येक भेटीची नोंद स्वतंत्र ठेवावी. तीन भेटी दिल्या, तर वसलेला तुकडा तिन्ही वेळा निसटण्याची संभाव्यता ०.४ चा घन, म्हणजे ०.०६४ इतकी खाली येते. शिवाय भेटींच्या पुनरावृत्तीवरून दिसण्याची संभाव्यताही मोजता येते. ती मोजून वस्तीचे खरे प्रमाण काढण्याची पद्धत मॅकेंझी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडली. «आर» या संगणकीय भाषेतील «अनमार्क्ड» हे पॅकेज नेमके हेच काम करते. सगळ्या तुकड्यांना तीन भेटी परवडत नसतील, तर निदान काही तुकड्यांना तरी द्याव्यात, म्हणजे दुरुस्तीसाठी लागणारा आकडा हाती येतो.

पायरी ३: एका तुकड्याच्या आत काय घडते ते समजून घेणे

जाळ्याकडे वळण्यापूर्वी एका तुकड्याचे गणित करून पाहावे. नेहमीचे लॉजिस्टिक समीकरण असे आहे: संख्येच्या वाढीचा वेग = र × स × (१ − स ÷ ध). येथे «स» ही जीवांची संख्या, «र» हा दरडोई वाढीचा दर आणि «ध» ही तुकड्याची धारणक्षमता, म्हणजे तुकडा पेलू शकेल तेवढी संख्या आहे. हे समीकरण मोठ्या संख्येसाठी चांगले चालते. त्याच्या मते «र» धन असेल, तर संख्या कधीच शून्यावर जात नाही. लहान तुकड्यांसाठी मात्र हे विधान खोटे ठरते, कारण तेथे प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू योगायोगावर अवलंबून असतो.

हा योगायोग किती मोठा असतो, ते एका जुन्या आणि सुंदर सूत्रावरून दिसते. प्रत्येक जीवाचा जन्मदर मृत्युदरापेक्षा जास्त असेल आणि गर्दीचा परिणाम नसेल, तर जीवसंख्या कधी ना कधी संपण्याची संभाव्यता ही मृत्युदर भागिले जन्मदर या गुणोत्तराचा घात असते, आणि घातांक म्हणजे सुरुवातीची संख्या. जन्मदर ०.५ आणि मृत्युदर ०.४ घेतला, तर गुणोत्तर ०.८ येते. मग २० जीवांपासून सुरुवात झाली, तर संपण्याची संभाव्यता सुमारे ०.०१२ असते, १० जीवांपासून ०.११ असते, आणि केवळ २ जीव पोहोचले असतील तर ती ०.६४ असते. वाढीचा सरासरी दर तिन्ही वेळा तोच आहे. रिकाम्या तुकड्यात एखादी जोडी पोहोचणे आणि तेथे वस्ती उभी राहणे या दोन गोष्टींत एवढे अंतर असते, आणि पायरी ६ मधील सूत्राचा आकार यामुळेच तसा आहे. जोडीदार न सापडणे किंवा कळपाचे संरक्षण न मिळणे अशा कारणांनी लहान संख्येत दरडोई वाढच मंदावत असेल, म्हणजे ज्याला अ‍ॅली परिणाम म्हणतात तो असेल, तर हे अंतर आणखी वाढते.

तुकड्याच्या किमान आकाराबद्दलही एक उपयुक्त सूत्र आहे. स्केलम यांनी १९५१ मध्ये, आणि कियरस्टेड व स्लोबोडकिन यांनी १९५३ मध्ये प्लवकांच्या संदर्भात, असा विचार केला की जीव तुकड्यात यदृच्छेने पसरत असतील आणि सीमेबाहेर गेलेला प्रत्येक जीव मरत असेल, तर पट्टीसारख्या तुकड्याची किमान रुंदी किती हवी. उत्तर आले: π (पाय, ३.१४) × √(प्रसरणाचा गुणांक ÷ वाढीचा दर). प्रसरणाचा गुणांक म्हणजे जीव किती वेगाने पसरतात ते सांगणारी संख्या. प्रसरणाचा गुणांक वर्षाला १ चौरस किलोमीटर आणि वाढीचा दर वर्षाला ०.२५ असेल, तर ही रुंदी सुमारे ६.३ किलोमीटर येते. प्रत्यक्षात बाहेरची जमीन इतकी प्राणघातक क्वचितच असते, म्हणून या आकड्याला अंतिम न मानता कडक अंदाज मानावे.

पायरी ४: दोन तुकडे जोडणे

आता एक चांगला आणि एक वाईट असे दोन तुकडे घ्यावेत. चांगल्यात वाढीचा दर वर्षाला +०.२ आणि वाईटात −०.३ आहे असे समजू. दोन्ही दिशांना स्थलांतराचा दरडोई दर «म» आहे. संख्या कमी असताना गर्दीचा परिणाम सोडून दिला, तर या व्यवस्थेची मॅट्रिक्स दोन ओळींची होते: पहिल्या ओळीत (०.२ − म) आणि म, दुसऱ्या ओळीत म आणि (−०.३ − म). तिचे सर्वांत मोठे आयगेन मूल्य, म्हणजे दीर्घकाळात जोडीची एकूण संख्या ज्या दराने वाढते तो दर, धन असेल तर जोडी टिकते, ऋण असेल तर दोन्ही तुकडे संपतात. कर्णावरील संख्यांची बेरीज येथे ऋणच आहे, त्यामुळे निश्चयकाचे (कर्णावरील दोन संख्यांचा गुणाकार वजा उरलेल्या दोहोंचा गुणाकार) चिन्ह पाहणे पुरेसे आहे: तो ऋण असेल तर सर्वांत मोठे आयगेन मूल्य धन असते. निश्चयक −०.०६ + ०.१ × म इतका येतो. म्हणजे म ०.६ पेक्षा कमी असेल तर जीवसंख्या टिकते आणि त्याहून जास्त असेल तर ती संपते.

हा निकाल हाताने पडताळून पाहावा, कारण तो एक घट्ट बसलेला समज दूर करतो. जोडणी वाढली की जीवसंख्या सुरक्षित होतेच असे नाही. वाईट तुकडा चांगल्या तुकड्यातले जीव शोषून घेऊ शकतो, आणि पुलियम यांनी १९८८ मध्ये स्रोत व शोष अशा तुकड्यांची जी मांडणी केली, तिच्या मुळाशी हेच गणित आहे. वाईट तुकड्यातला दर −०.३ ऐवजी −०.१ करून पाहिल्यास निश्चयक नेहमीच ऋण राहतो, आणि स्थलांतर कितीही वाढवले तरी जोडी टिकते, कारण दोन्ही दरांची सरासरी धन झालेली असते. वस्ती दिसते म्हणून तुकडा चांगला, हा निष्कर्षही त्यामुळे घाईचा ठरतो.

पायरी ५: अनेक तुकड्यांसाठी लेव्हिन्स यांचे मॉडेल

तुकडे पन्नास-शंभर झाले, की प्रत्येकातील संख्या मोजत बसणे शक्य नसते. रिचर्ड लेव्हिन्स यांनी १९६९ मध्ये कीडनियंत्रणाच्या संदर्भात सुचवलेली युक्ती अशी होती की तुकड्यातील संख्या विसरून जावी आणि तुकडा वसलेला आहे की रिकामा एवढेच पाहावे. वसलेल्या तुकड्यांचे प्रमाण «प» मानले, तर वर्षागणिक चालणारे समीकरण असे होते:

पुढील वर्षीचे प = प + व × प × (१ − प) − न × प

यात «व» हा वसाहतीचा दर आहे आणि «न» हा वसलेला तुकडा एका वर्षात रिता होण्याचा दर आहे. «प» गुणिले (१ − प) या पदाकडे नीट पाहावे: नवी वस्ती होण्यासाठी जीव पाठवणारे वसलेले तुकडे जसे लागतात, तसेच ते स्वीकारणारे रिकामे तुकडेही लागतात. समतोलात प = १ − न ÷ व.

दोन्ही दर पाहणीतून असे काढावेत. ५० तुकड्यांपैकी पहिल्या वर्षी ३० वसलेले होते. दुसऱ्या वर्षी त्यांतील ६ रिते झाले आणि २० रिकाम्यांपैकी ६ वसले असे समजू. मग न = ६ ÷ ३० = ०.२. रिकामा तुकडा वसण्याची संभाव्यता ६ ÷ २० = ०.३ आहे आणि मॉडेलमध्ये ती व × प इतकी असते, म्हणून व = ०.३ ÷ ०.६ = ०.५. समतोल १ − ०.४ = ०.६ येतो, जो पाहणीशी जुळतो. यादीत २० रिकामे तुकडे घेतलेच नसते, तर «व» काढताच आला नसता.

आता अधिवासाचा काही भाग नष्ट करून पाहू. मूळ तुकड्यांपैकी शिल्लक राहिलेले प्रमाण «अ» असेल, तर समीकरणातील (१ − प) च्या जागी (अ − प) येते आणि समतोल प = अ − न ÷ व असा होतो. ३० टक्के तुकडे गेले, तर अ = ०.७ आणि प = ०.३, म्हणजे अधिवास तिसऱ्या हिश्श्याहून कमी घटला, पण वस्ती निम्मी झाली. ६० टक्के तुकडे गेले, तर ४० टक्के अधिवास जागेवर असूनही समतोल शून्यावर येतो. या दोन्ही स्थितींत समतोलातील रिकाम्या तुकड्यांचे प्रमाण, म्हणजे अ − प, हे ०.४ एवढेच राहते, आणि प्रजाती टिकण्यासाठी लागणारा किमान अधिवासही नेमका ०.४ आहे. समतोलात जितके तुकडे रिकामे असतात, तितका अधिवास हा टिकण्याचा उंबरठा असतो, हा या मॉडेलमधील माझ्या मते सर्वांत विचार करायला लावणारा निष्कर्ष आहे.

मात्र तो समतोलासाठी आहे, आणि समतोल गाठायला वेळ लागतो. समतोलापासून ढळलेली व्यवस्था परत येण्याचा काळ साधारण १ ÷ (व × अ − न) वर्षे असतो. आपल्या आकड्यांत पूर्ण अधिवासासाठी हा काळ सुमारे ३.३ वर्षे, अ = ०.७ साठी ६.७ वर्षे आणि अ = ०.४५ साठी ४० वर्षे येतो. उंबरठा जसजसा जवळ येतो, तसतशी व्यवस्था सुस्त होत जाते. अधिवास नष्ट झाल्यावर पुष्कळ वर्षे वस्ती बऱ्यापैकी दिसत राहते आणि नंतर नाहीशी होते, या विलंबालाच इकॉलॉजीतील अभ्यासक टिलमन, मे, लेहमन आणि नोवाक यांच्या १९९४ मधील मांडणीपासून विलोपनाचे (नामशेष होण्याचे) ऋण म्हटले जाते. अशा काळात पाहणी केली, तर रिकामे तुकडे समतोलापेक्षा कमी सापडतात आणि त्यांवरून काढलेला उंबरठा धोकादायकरीत्या कमी येतो. म्हणून गेल्या काही दशकांत अधिवास किती घटला, हे जुन्या नकाशांवरून किंवा उपग्रहचित्रांवरून पाहिल्याशिवाय «सध्या समतोल आहे» असे गृहीत धरू नये.

पायरी ६: खऱ्या नकाशाचे मॉडेल

लेव्हिन्स यांच्या मॉडेलमध्ये सगळे तुकडे सारखे आणि एकमेकांपासून सारख्याच अंतरावर असतात. हान्स्की यांनी १९९४ मध्ये प्रत्येक तुकड्याचे क्षेत्रफळ आणि स्थान हिशेबात घेतले. त्या पद्धतीत तीन सूत्रे लागतात.

पहिले सूत्र विलोपनाचे आहे: वार्षिक संभाव्यता = न ÷ (क्षेत्रफळाचा क्ष-वा घात), आणि उत्तर १ पेक्षा मोठे आले तर १ धरावे. येथे «न» म्हणजे एक हेक्टरच्या तुकड्याची संभाव्यता, आणि «क्ष» क्षेत्रफळाचा परिणाम किती तीव्र ते सांगतो. न = ०.१ आणि क्ष = ०.५ घेतल्यास ४ हेक्टरच्या तुकड्यासाठी ०.०५, पाव हेक्टरसाठी ०.२ आणि ०.०१ हेक्टरसाठी १ असे उत्तर येते. दुसरे सूत्र जोडणीचे आहे: एखाद्या तुकड्याची जोडणी काढण्यासाठी प्रत्येक वसलेल्या शेजाऱ्याचे क्षेत्रफळ घ्यावे, त्याला अंतरानुसार घातांकी पद्धतीने घटणाऱ्या वजनाने गुणावे आणि सगळ्यांची बेरीज करावी. घटीचा प्राचल (मोजून ठरवायची, मॉडेलमध्ये स्थिर राहणारी संख्या), ज्याला अल्फा म्हणतात, तो दर किलोमीटरला १ असेल, तर हे वजन १ किलोमीटरवर ०.३७, २ किलोमीटरवर ०.१४ आणि ३ किलोमीटरवर ०.०५ होते. तिसरे सूत्र वसाहतीचे आहे: संभाव्यता = जोडणीचा वर्ग ÷ (जोडणीचा वर्ग + य चा वर्ग). येथे वर्ग घेण्याचे कारण पायरी ३ मध्ये आलेच आहे; एकट्यादुकट्या जीवाची वस्ती बहुधा टिकत नाही, अनेक जीव एकत्र पोहोचले तर टिकते. «य» म्हणजे ती जोडणी, जिच्यावर वसाहतीची संभाव्यता निम्मी होते.

वसलेल्या तुकड्यात बाहेरून जीव येत राहिल्याने तो रिता होण्याचे टळू शकते. ब्राउन आणि कॉड्रिक-ब्राउन यांनी १९७७ मध्ये दाखवलेला हा बचाव परिणाम जोडण्यासाठी विलोपनाची संभाव्यता (१ − वसाहतीची संभाव्यता) ने गुणतात. अल्फा ठरवण्यासाठी जीवांना खुणा करून त्यांचा माग घेतला जातो, पण अभ्यासक्षेत्राबाहेर गेलेले जीव पुन्हा सापडत नसल्याने लांबचे प्रवास नेहमीच कमी मोजले जातात, हे ध्यानात ठेवून अल्फाच्या दोन-तीन किमती वापरून पाहाव्यात.

हान्स्की आणि ओव्हास्काइनेन यांनी २००० मध्ये या सगळ्याचा सार एका आकड्यात आणला, आणि तो काढायला शिकणे हे नवशिक्याने स्वतःसाठी करण्याजोगे सर्वांत मोलाचे काम आहे. त्याच्या सोप्या रूपात तुकड्यांची एक चौरस मॅट्रिक्स तयार करावी; कोणत्याही दोन तुकड्यांच्या घरात त्यांच्या क्षेत्रफळांचा गुणाकार गुणिले अंतराचे वजन लिहावे आणि कर्णावर शून्य लिहावे. या मॅट्रिक्सचे सर्वांत मोठे आयगेन मूल्य म्हणजे त्या भूदृश्याची मेटापॉप्युलेशन क्षमता होय; स्थलांतराने जोडलेल्या तुकड्यांतील जीवसंख्यांच्या जाळ्याला मेटापॉप्युलेशन म्हणतात. ती न ÷ व या गुणोत्तरापेक्षा मोठी असेल, तर प्रजाती टिकू शकते.

एका ओळीत एकेक किलोमीटर अंतरावर, एकेक हेक्टरचे तीन तुकडे आहेत आणि अल्फा १ आहे असे घेऊ. शेजारच्या तुकड्यांचे वजन ०.३६८ आणि दोन टोकांमधील वजन ०.१३५. क्षमता ०.५९२ येते. एका टोकाचा तुकडा काढला, तर ती ०.३६८ होते, म्हणजे ३८ टक्क्यांनी घटते. मधला तुकडा काढला, तर ती ०.१३५ होते, म्हणजे ७७ टक्क्यांनी घटते. उंबरठा, म्हणजे न ÷ व, ०.३ असेल, तर टोकाचा तुकडा गेल्यावरही प्रजाती टिकू शकते आणि मधला गेल्यावर टिकू शकत नाही. तिन्ही तुकड्यांचे क्षेत्रफळ सारखेच आहे, आणि या हिशेबात कोणता तुकडा आज वसलेला आहे हे कोठेच आलेले नाही. मधला तुकडा पाहणीच्या वर्षी रिकामा असता आणि त्या कारणाने सोडून दिला गेला असता, तरी नुकसान तेवढेच झाले असते.

पायरी ७: संगणकावर जाळे चालवणे

तुकडे थोडे असतील, तर क्षमता उंबरठ्याच्या वर असूनही योगायोगाने सगळे तुकडे एकाच वेळी रिते होऊ शकतात, म्हणून यदृच्छ अनुकरण करणे, म्हणजे योगायोगाने ठरणाऱ्या घटनांसह जाळे वर्षानुवर्षे चालवून पाहणे, आवश्यक असते. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक स्तंभ एक तुकडा आणि प्रत्येक ओळ एक वर्ष असे धरावे; वसलेल्यासाठी १ आणि रिकाम्यासाठी ० लिहावा. प्रत्येक घरात ० ते १ मधील एक यदृच्छ संख्या घ्यावी. तुकडा वसलेला असेल आणि संख्या विलोपनाच्या संभाव्यतेपेक्षा लहान असेल, तर तो ० करावा. रिकामा असेल आणि संख्या वसाहतीच्या संभाव्यतेपेक्षा लहान असेल, तर १ करावा. जोडणी मोजताना मागच्याच वर्षाची पूर्ण ओळ वापरावी. अर्धवट बदललेली ओळ वापरली, तर निकाल तुकड्यांच्या क्रमावर अवलंबून राहतो. तुकडे वाढले, की हेच काम पायथॉन किंवा आर मध्ये करावे.

किमान १,००० वेळा अनुकरण चालवून त्यांपैकी किती वेळा जाळे रिते झाले ते मोजावे. खरी संभाव्यता ०.१ च्या आसपास असेल, तर १०० फेऱ्यांत अंदाज सुमारे ०.०६ इतका इकडेतिकडे होऊ शकतो, १,००० फेऱ्यांत सुमारे ०.०२ इतका. दोन पर्यायांची तुलना करताना दोन्हींसाठी यदृच्छ संख्यांची तीच मालिका वापरावी, म्हणजे दिसणारा फरक पर्यायांमुळे आलेला असतो.

येथे एक गृहीतक विशेष जपून तपासावे लागते. दहा वसलेले तुकडे असून प्रत्येकाची वार्षिक विलोपनाची संभाव्यता ०.२ असेल आणि तुकडे परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर सगळे एकाच वर्षी रिते होण्याची संभाव्यता एक कोटीत एक एवढी नगण्य असते. पण दुष्काळ किंवा रोगाची साथ सगळ्या तुकड्यांवर एकाच वेळी येते. सगळे तुकडे रिते करणारे संकट ५० वर्षांतून एकदा येत असेल, तर तो धोका आधीच्या आकड्याच्या दोन लाख पट आहे. म्हणून प्रत्येक वर्षासाठी सर्व तुकड्यांना लागू होणारी एक सामाईक यदृच्छ संख्या घ्यावी, आणि ती वाईट वर्ष दर्शवत असेल तेव्हा सर्वांच्या विलोपनाच्या संभाव्यता एकदम वाढवाव्यात. हे न केलेले मॉडेल जवळजवळ नेहमीच खोटा दिलासा देते.

पायरी ८: आकड्यांवर किती भरवसा ठेवायचा ते ठरवणे

पायरी ५ मध्ये न = ०.२ हा आकडा ३० पैकी ६ तुकड्यांवरून आला. इतक्या लहान नमुन्यावरून ९५ टक्के विश्वासाची मर्यादा साधारण ०.०८ ते ०.३९ अशी पडते. व ०.५ वरच ठेवला, तरी या मर्यादेत समतोल ०.८४ पासून ०.२२ पर्यंत बदलतो. एवढा पल्ला असताना केवळ ०.६ हा आकडा अहवालात छापणे अयोग्य आहे. पूर्ण पल्ला छापावा, आणि प्राचलांच्या किमती त्या पल्ल्यातून वेगवेगळ्या उचलून अनुकरण पुन्हा चालवावे. पाहणीची वर्षे वाढवणे हा हा पल्ला आवळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

माहिती पुरेशा वर्षांची असेल, तर शेवटची काही वर्षे बाजूला ठेवून आधीच्या वर्षांवरून प्राचल काढावेत आणि राखलेल्या वर्षांशी ताडून पाहावेत. एकूण वसलेले तुकडे जुळणे ही सोपी कसोटी आहे. दरवर्षी किती तुकडे रिते झाले, किती नव्याने वसले आणि नेमके कोणते तुकडे होते, हे जुळते का, ही खरी कसोटी आहे. एकूण आकडा बरोबर आणि उलाढाल चूक असेल, तर पहिला संशय पायरी २ वर घ्यावा.

शेवटच्या अहवालात सर्व तुकड्यांचा एक तक्ता असावा: सद्यस्थिती, क्षेत्रफळ, आणि तो तुकडा काढल्यास मेटापॉप्युलेशन क्षमता किती टक्क्यांनी घटते. हा तक्ता अल्फाच्या आणि विलोपन-दराच्या निरनिराळ्या किमतींसाठी पुन्हा काढावा. विलोपनाची नेमकी संभाव्यता प्राचलांनुसार बरीच हलते, पण तुकड्यांचा महत्त्वक्रम पुष्कळदा तुलनेने कमी हलतो, आणि संरक्षणाचा निर्णय घेणाऱ्याला बहुतेक वेळा क्रमच हवा असतो. वरच्या क्रमांकाचे तुकडे सर्व किमतींत तेच राहिले, तर ते वसलेले असोत वा रिकामे, त्यांची शिफारस निःसंकोच करावी. क्रम बदलत असेल, तर तो कोणत्या प्राचलामुळे बदलतो ते पाहून पुढच्या हंगामाची पाहणी त्याच प्राचलाचे मोजमाप नेमके करण्यासाठी आखावी.